तात्यांनी लावलेला फोन

आमच्या बारामतीकडे कुणाला काही झालं की माणसं आधी डॉक्टर शोधत नाहीत, फोन शोधतात. कुणी कुणाला फोन लावायचा, त्यानं पुढं कुणाला सांगायचं, हे ताप मोजायच्या आधी ठरतं. शाळेतला प्रवेश असो, विजेचं कनेक्शन असो, नाहीतर तुटलेला हात असो, 'वरून फोन' गेल्याशिवाय काम झालंच, तर ते नीट झालं नसणार असं इथं मानतात. माझे थोरले दीर, ज्यांना अख्खं पणदरे तात्या म्हणतं, ते या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या फोनमध्ये बड्या लोकांच्या पीएंचे नंबर आहेत. त्या पीएंच्या फोनमध्ये तात्यांचा नंबर आहे की नाही, हे अजून कुणी तपासलेलं नाही.

मी इंदापूरला शाळेत शिकवते. नवरा इथल्याच एका डेअरीत हिशेब बघतो. सासर पणदऱ्याचं, ऊस आणि गाई. माहेर हायवेवरचं डाळज. डाळजला आई एकटी राहते. तिला गेली काही वर्षं ऐकू येत नाही. शिबिरात फुकट मिळालेलं कानाचं मशीन तिच्याकडे आहे, पण ते आवाज आत सोडण्यापेक्षा बाहेर शिट्ट्या जास्त मारतं, म्हणून तिनं ते बांगड्यांच्या डब्यात ठेवून दिलंय. रोज संध्याकाळी ती मला फोन करते. म्हैस, शेजारीण, पाणी, सगळं एका दमात सांगते, "बरं, ठिवते" म्हणते आणि ठेवते. मी काय बोलले हे तिला कळलेलं नसतं. मला पित्ताशयात खडे झालेत आणि ऑपरेशन करायचंय, हे मी तिला फोनवर ओरडून सांगितलं, तर ती म्हणाली, "व्हय व्हय, पेंडीचं भाव लईच वाढल्यात."

म्हणून मी तिला चांगली मशीनं घ्यायचं ठरवलं होतं. बारामतीच्या एका दुकानात तिला नेऊन दोन्ही कान तपासून घेतले. तिथल्या बाईंनी एक मशीन नुसतं लावून बघायला दिलं, तर आई दचकली आणि छताकडे बघून म्हणाली, "ह्यो पंखा वाजतोय व्हय?" किती तरी वर्षांनी तिनं पंखा ऐकला होता. त्या दिवशी मला दुकानातच रडू आलं. पैसे मी वेगळे काढून ठेवले होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन मशीनं आणायची असं आमचं ठरलं होतं.

ऑपरेशनची तयारी मी परीक्षेचं वेळापत्रक लावावं तशी केली होती. माझ्या पगारातून मी दरवर्षी मेडिक्लेमचा हप्ता भरते, आणि कुठल्याही बाईनं आपल्या पैशानं घेतलेली वस्तू जशी वापरावी तशी ती पॉलिसी मला नीट वापरायची होती. कंपनीच्या यादीतलं बारामतीचं हॉस्पिटल निवडलं. सर्जनही यादीतला, म्हणजे पॅनलवरचा. पॅनलवरचा असला की त्याचा दर कंपनीशी आधीच ठरलेला असतो आणि आपल्याला खिशात हात घालावा लागत नाही. खोली माझ्या पॉलिसीत बसणारी, दोन पेशंटची. आगाऊ मंजुरीही आली. मी नवऱ्याला म्हटलं, "आता फक्त खडे काढायचे राहिलेत."

भरती व्हायच्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून, हाताला सलाइन लावून पडले होते. शेजारच्या खाटेवर माळेगावची एक म्हातारी होती, तिचंही हेच ऑपरेशन होतं. तेवढ्यात तात्या आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात दोन फोन. त्यांनी आधी खोली बघितली, मग म्हातारी, मग मला.

"मॅडम, डॉक्टर कोन हाय?" ते मला मॅडमच म्हणतात. त्यात आदर किती आणि खोच किती, हे मी इतक्या वर्षांत शोधायचं सोडून दिलंय.

मी नाव सांगितलं.

"हितलाच?" त्यांनी नाक मुरडलं. "त्यो तर सगळ्यांचंच करतो."

मला वाटलं, जो सगळ्यांचं करतो त्याच्याकडेच तर जावं. पण तात्यांच्या हिशेबानं जो सगळ्यांना मिळतो तो आपल्याला मिळण्यात कमीपणा होता. माळेगावच्या म्हातारीचं पोट ज्या हातानं उघडणार, त्याच हातानं आमच्या घरच्या सुनेचं उघडायचं, म्हणजे भावकीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते व्हरांड्यात गेले आणि फोनवर बोलू लागले. तात्या फोनवर हळू बोलत नाहीत. "आपल्याच घरची बाई हाय," "जरा लक्ष घाला म्हनावं," "सायबांच्या कानावर घाला" हे मला पडल्या पडल्या ऐकू येत होतं. हे बोलणं डाळजला आईलाही ऐकू गेलं असतं, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

थोड्या वेळानं हॉस्पिटलचा मॅनेजर आला. सकाळी ज्यानं माझ्याकडे वर मान करून बघितलं नव्हतं, तो आता खाटेपाशी हात बांधून उभा.

"मॅडम, तुमच्यासाठी डिलक्स रूम तयार केलीय. आणि सर्जरीला पुण्याहून सर येतायत."

"मला हीच खोली हवी. आणि पुण्याचे सर पॅनलवर आहेत का?"

"मॅडम, ते फार मोठे आहेत."

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "फार मोठे आहेत." जणू मी त्यांची उंची विचारली होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो माणूस चांगला आहे, पण थोरल्या भावासमोर त्याचा कणा रजेवर जातो. "आता राहू दे ना," तो म्हणाला, "तात्या एवढं करतायत तर." तात्या मॅनेजरच्या मागून म्हणाले, "तुमी काळजी करू नका, मॅडम. वरनं फोन हाय." आणि हाताला सलाइन लावलेल्या बाईचं कोण ऐकतं? माझी खाट ढकलत डिलक्सकडे नेली. माळेगावची म्हातारी म्हणाली, "नशीबवान हायेस गं बाई." ती दुसऱ्या दिवशी चालत घरी गेली, एक पैसा न भरता.

पुण्याच्या त्या मोठ्या डॉक्टरांचं दर्शन मला एवढंच झालं: टेबलावर मला भूल चढत होती तेव्हा मास्क लावलेला एक माणूस कुणाला तरी फोनवर विचारत होता, "टोल चुकवायचा तर आतल्या रस्त्यानं जाता येतं का?" नंतर मला ते कधीच दिसले नाहीत. टाके बघायला, ड्रेसिंग बदलायला, दुखतंय का विचारायला येत राहिला तो इथलाच डॉक्टर, सगळ्यांचं करणारा.

डिलक्स रूममध्ये सोफा होता, टीव्ही होता आणि छोटा फ्रीज होता. पेशंटला नुसतं पाणी प्यायची परवानगी असताना फ्रीज कशाला, हा प्रश्न फक्त मला पडला. पणदऱ्याहून बघायला येणारी माणसं नारळपाणी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आली, आणि माझ्या अंगावरून नजर फिरवून एसीकडे बघत बसली. तात्या त्यांना खोली दाखवत होते. नव्या घराच्या वास्तुशांतीला पाहुण्यांना फिरवतात, तसं. बाथरूमचं दारसुद्धा उघडून दाखवलं. डाळजहून आईला नवऱ्यानं आणलं होतं. तिच्या कानाशी वाकून तात्या ओरडले, "मावशी, पुन्याचा डॉक्टर आनला! पुन्याचा! एका फोनवर!" आईनं हात जोडले. मला तेव्हा टाके तटतटून दुखले.

घरी जायच्या दिवशी बिल आलं. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे समजावून सांगितलं, रोजचंच सांगत असावी. पुण्याचे सर पॅनलवर नाहीत, म्हणून त्यांची फी कंपनी देणार नाही. खोली तुमच्या पॉलिसीत बसत नाही, म्हणून खोलीचा जास्तीचा भाग तुम्ही द्यायचा. आणि खोली महाग घेतली की ऑपरेशन थिएटरपासून नर्सपर्यंत बाकीच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. म्हणजे मी ज्या सोफ्यावर एकदाही बसले नाही, त्या सोफ्यानं माझ्या भूल देणाऱ्याचेसुद्धा पैसे कापले.

"पण मी हे मागितलंच नव्हतं," मी म्हणाले.

"मॅडम, पेशंटच्या विनंतीवरून असं लिहिलंय. नातेवाइकांची सही आहे."

सही तात्यांची होती. कारखान्याच्या वार्षिक सभेत करतात तशी ऐसपैस, खाली दोन रेघा ओढलेली.

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्यानं विचारलं, "मॅडम, आपने डॉक्टर क्यों बदला?" मी म्हटलं, मैंने नहीं बदला. "तो किसने बदला?" आता, कुठल्या शहरात बसलाय हेही ठाऊक नसलेल्या त्या माणसाला मी हिंदीत काय सांगू? की मेरे जेठजी को लगता है, जो डॉक्टर सबका ऑपरेशन करता है उससे करवाना बेइज्जती है? मी प्रयत्न केला. तो म्हणाला, "मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ." त्याला काही समजलेलं नव्हतं. पण त्याचा राग तरी किती करणार? त्याच्या यादीत पॅनल होतं, पॉलिसी होती, तात्या नव्हते. तात्यांसारख्या माणसासाठी कुठल्याच विमा कंपनीत रकाना नाही.

बिल भरल्याशिवाय सोडणार नव्हते. मी तात्यांना म्हटलं, "ज्यांना फोन केला होता त्यांनाच परत लावा. म्हणावं, बिलाकडेही जरा लक्ष घाला."

तात्या पार्किंगमधल्या लिंबाच्या झाडाखाली गेले. मी डिलक्सच्या खिडकीतून बघत होते, खिडकीचेही पैसे लागलेच होते. एक फोन कानाला, मग दुसरा. फेऱ्या. पहिल्या दिवशी व्हरांड्यातून ऐकू येणारा आवाज आज लिंबाच्या बुंध्यापलीकडे जात नव्हता. परत आले आणि म्हणाले, "सायब मीटिंगमदी हायेत. पन मी मॅनेजरला बोललोय. सोडतो म्हनला काय तरी."

मॅनेजरनं सोडलं. फाइलचे पैसे सोडले. म्हणजे ज्या पुठ्ठ्यात माझे कागद बांधले होते, तो पुठ्ठा मला फुकट मिळाला. वर एक फुलांचा गुच्छ दिला. तो तात्यांनीच हातात घेतला आणि मॅनेजरशेजारी उभं राहून फोटो काढला. आम्ही इंदापूरला पोचायच्या आत तो फोटो भावकीच्या ग्रुपवर पडला होता: 'आमच्या भावजयीची शस्त्रक्रिया पुण्याच्या नामवंत सर्जनच्या शुभहस्ते यशस्वीरीत्या संपन्न. एका फोनवर धावून आलेल्या साहेबांचे मनःपूर्वक आभार.' शुभहस्ते! जणू माझ्या पोटाचं उद्घाटन होतं. फक्त फीत कापायची तेवढी राहिली होती. खाली सत्तर-ऐंशी अंगठे आणि जोडलेले हात. गुच्छ धरलेले तात्या फोटोत आहेत, मी नाही.

बिल मी भरलं, आईच्या कानांच्या पैशातून. मशीनच्या दुकानातल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, सध्या नको. "ठीक आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. त्यांनाही हे रोजचंच असावं.

आई माझ्या देखभालीसाठी इंदापूरला राहिली. तिला मी बिलाचं काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळ्या गल्लीला सांगावं लागलं असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण मला एकच विचारायचा, "तात्यांमुळं निभावलं, न्हाय का?" आणि उत्तराची वाट बघत थांबायचा. मी हो म्हणेपर्यंत बशीतल्या चिवड्याला हात लावायचा नाही. पहिल्यांदा आलेल्या एका बाईला मी खरं काय झालं ते सांगितलं. त्या बाईनं कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि बाहेर जाऊन सांगितलं की शिकलेल्या बायकांना केलेलं कळत नाही. मग मी सांगणं सोडलं. नवरा म्हणायचा, "जाऊ दे, त्यांनी प्रेमापोटी केलं." मी म्हटलं, "मग बिल प्रेमापोटी का नाही भरलं?" त्यावर त्याला दूध आणायची आठवण झाली. डेअरीतला माणूस, दूध घरात भरपूर होतं.

कंपनीला मी रीतसर तक्रार केली. उत्तर गोड भाषेत आलं: डॉक्टर आणि खोली पेशंटच्या विनंतीवरून बदलली असल्यानं क्षमस्व. चुलीत घाल म्हणावं तुझं क्षमस्व.

सुट्टी लागली. एक दिवस भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "बारामतीला जायाचं व्हतं न्हवं आपल्याला? कानाचं?"

मी हातानं खूण केली, नंतर.

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मेथीची जुडी सोडायला घेतली. "ऱ्हाऊ दे गं. काय ऐकायचं ऱ्हायलंय आता मला." त्या वाक्याचा मला जेवढा राग आला, तेवढा बिलाचाही आला नव्हता. पंखा ऐकून दचकलेली बाई होती ती. तिला ऐकायचं होतं. तिनं कुणाची तरी चूक स्वतःच्या वयावर घेतली होती, आणि तिकडे पणदऱ्यात तात्या माझं ऑपरेशन सांगून चहा पीत होते.

दिवाळीनंतर एका रविवारी तात्या इंदापूरला आले. हातात कारखान्यातून सभासदांना मिळणाऱ्या साखरेची पिशवी. तात्यांनी आमच्या घरी साखर आणली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी दुखतंय. दिवाळीला आलेली आई अजून आमच्याकडेच होती, ओट्यावर ऊन खात बसली होती. तात्या तिच्याशेजारच्या खुर्चीत बसले, जरा जपून, एका अंगावर. नवऱ्याला त्यांनी पान आणायला पिटाळलं. मग गल्लीत दोन्हीकडे बघून माझ्याकडे वाकले.

"मॅडम, ते पॅनल का काय म्हनता तुमी, त्यात आपल्या बारामतीचा त्यो डॉक्टर हाय का?" आवाज इतका खाली की मलाही पुढं वाकावं लागलं.

"कुठला?"

"तुमी आधी धरला व्हता त्यो."

"तो? तो तर सगळ्यांचंच करतो."

"म्हनूनच की," तात्या म्हणाले. "हात बसलेला आसतोय."

त्यांना हर्निया झाला होता. पोरानं त्यांची पॉलिसी काढली होती, आणि सगळं त्यात बसवून द्या म्हणत होते. खोली साधी चालेल. दोघांची असली तरी चालेल. चौघांची असली तरी.

"मग वरून फोन?" मी विचारलं. "साहेबांच्या कानावर घालायचं नाही?"

त्यांनी खिशातल्या फोनांवर हात ठेवला, कुणी ऐकेल म्हणून ठेवावा तसा. "न्हाय न्हाय. फोन नको कुनाचा. लई म्हाग पडतंय ते."

म्हणजे ठाऊक होतं. इतके महिने चहा पीत जे सांगत होते, त्याची किंमत त्यांना पुरेपूर ठाऊक होती. फक्त ती दुसऱ्याच्या खात्यातून गेली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काहीतरी फाडकन बोलणार, तेवढ्यात आईनं मान पुढं केली.

"काय म्हनत्यात तात्या?"

मी तात्यांकडे बघितलं. "आईला ऐकू येत नाही, तात्या. जरा मोठ्यानं सांगा."

"ऱ्हाऊ द्या की, मावशीला कशाला—"

"नाही, तिला वाटेल आपण तिच्याबद्दल बोलतोय."

तात्यांनी घसा साफ केला. "आप्रेशन हाय, मावशी."

आईनं कानामागं हात धरला. "आं?"

"आप्रेशन! माजं!"

समोरच्या घरातल्या निवृत्त तलाठ्यांनी झाडांना पाणी घालायचं थांबवून पाइप खाली धरला. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई चिमटा तोंडात धरून तशीच उभी राहिली.

"आगं बया," आई म्हणाली. "मंग लावा की फोन! आना पुन्याचा डॉक्टर!"

"नको!"

"आं?"

"नको म्हनतोय! हितलाच बरा हाय!" तात्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "पुन्याचा लई म्हाग पडतो! इमा देत न्हाय त्याचं!"

हे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, आणि आईलाही. तिनं आधी तात्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे बघताना तिचा हात आपसूक कानाच्या पाळीला लागला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ती खणखणीत म्हणाली,

"मंग माज्या लेकीला कशापायी आनला व्हता?"

तात्यांनी साखरेच्या पिशवीचा बंद सोडला, परत बांधला. मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

आईनं पुन्हा कानामागं हात धरला.

"मोठ्यानं सांगा, तात्या," मी म्हणाले.